स्वतःच्या मोटरबोटीतून दोघांचा नदीप्रवास: रोरमोंड ते बुडापेस्ट, आणि आपली कृष्णा

खानापूरचा वाटसरू

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त आम्ही पतिपत्नी बरीच वर्षे नेदरलँड्समध्ये राहिलो आणि निवृत्त झाल्यावर बेळगावजवळच्या खानापूरला परतलो. परत येण्यापूर्वीचे दोन उन्हाळे आम्ही साडेदहा मीटर लांबीच्या एका जुन्या पोलादी मोटरबोटीत घालवले. मास नदीवरच्या रोरमोंड गावातून निघून आम्ही बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकिया या देशांतून पाण्यावरूनच बुडापेस्टला पोहोचलो आणि तेथे बोट विकली. याविषयी सविस्तर लिहा, असे येथील काहींनी सुचवले, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी मार्ग सांगतो, कारण नकाशा पाहणाऱ्यास पहिला प्रश्न हाच पडतो की, ऱ्हाईन नदी समोर असताना हे लोक इतके दक्षिणेला फ्रान्समध्ये का उतरले. डॅन्यूबकडे जाण्याचा सरळ रस्ता म्हणजे ऱ्हाईनने माइन्झपर्यंत वर चढणे. पण ऱ्हाईनचा डोंगराळ भाग फार ओढीचा आहे. आमच्यासारखी ताशी दहा किलोमीटरने चालणारी बोट तेथे प्रवाहाविरुद्ध जवळजवळ जागीच राहते, आणि त्याच वेळी बाजूने अवजड मालवाहू जहाजे जात असतात. म्हणून आम्ही मास नदीने वर चढत लिएज, नामूर, दिनां करीत फ्रान्समध्ये शिरलो, मार्न-ऱ्हाईन कालव्याने नान्सीवरून पूर्वेकडे स्ट्रासबुर्गला गेलो, आणि तेथून ऱ्हाईनच्या प्रवाहाबरोबर माइन्झला उतरलो. जी नदी चढणे अवघड, ती वळसा घालून वरच्या अंगाने गाठावी आणि उतरावी, हा शहाणपणा तिकडच्या जुन्या बोटवाल्यांनी आम्हाला शिकवला. पुढे माइन नदी, माइन-डॅन्यूब कालवा आणि शेवटी डॅन्यूब.

या प्रवासाचा खरा आधार बोट नसून लॉक आहे. शब्दकोशात याला जलपाश म्हणतात. नदीवर बांध घातला की वरचे पाणी उंच आणि खालचे खालच्या पातळीवर राहते. या दोन पातळ्यांच्या मध्ये दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक हौद बांधतात. बोट हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरचे पाणी आत सोडायचे किंवा आतले पाणी खाली सोडायचे, आणि पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडायचा. यात पाणी वर चढवणारा पंप लागत नाही, नुसत्या उतारावर सगळे काम होते. फ्रान्समध्ये १८७९ सालच्या कायद्याने या हौदांचे माप सुमारे ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद असे ठरवून दिले गेले. त्यामुळे एकच बोट त्या देशाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ शकते. आम्ही रोज तीस-चाळीस किलोमीटर जात असू. दिवसात किती लॉक आहेत, यावर किती पल्ला होणार हे ठरे.

माइन नदीवर माइन्झ ते बामबेर्गपर्यंत ३४ लॉक आहेत. त्यानंतरचा माइन-डॅन्यूब कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला. त्याची लांबी १७१ किलोमीटर असून त्यावर १६ लॉक आहेत आणि त्याचा माथा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर आहे. दोन खोऱ्यांमधला हा उंचवटा खोदून नद्या जोडण्याचा प्रयत्न सम्राट शार्लमेनने ७९३ साली करून पाहिला होता. म्हणजे ती इच्छा पुरी व्हायला बाराशे वर्षे लागली. या कालव्यावरचे काही लॉक एका वेळी बोटीला जवळपास २५ मीटर उचलतात. आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगायचे तर गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटरांचा आहे. असे दोन लॉक एकावर एक ठेवले की त्याची उंची भरते. गोकाकच्या झुलत्या पुलावर उभे राहून खाली पाहिले आहे ना? तितक्या उंचीवर आपले राहते घर, चुलीवरच्या चहासकट, पाण्याने उचलून नेलेले आम्ही पाहिले आहे.

अथणीची बाई

दादा, फार छान माहिती. मला दोन प्रश्न आहेत. साडेदहा मीटरच्या जागेत दोन माणसे दोन उन्हाळे कशी राहिली? आणि वहिनींना हे सगळे मनापासून आवडत होते का, की तुमच्या आवडीपायी त्या आल्या? उत्तर त्यांनीच दिले तर बरे होईल.

कणकुंबीची लेक

अथणीच्या ताईंना नमस्कार. यांच्या धाग्यावर मीच उत्तर देते.

पहिल्या महिन्यात मला अजिबात आवडले नाही. माझे माहेर कणकुंबीचे, म्हणजे मलप्रभेच्या उगमाचे. पाऊस आणि पाणी पाहतच मी वाढले, पण मला पोहता येत नव्हते. बोट घेण्याआधी मी पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकले. ती अट माझीच होती. लाइफ जॅकेट तर मी प्रत्येक लॉकमध्ये घालत असे.

ताई, बोटीवर दोन माणसांची कामे स्पष्ट वाटून घ्यावी लागतात. सुरुवातीला हे सुकाणूवर आणि मी दोरांवर, अशी वाटणी होती. इंजिनाच्या आवाजात यांचे बोलणे मला ऐकू येत नसे आणि माझे यांना. मग आम्ही हातांच्या खुणा ठरवल्या. पुढे माझ्या लक्षात आले की, ओल्या दगडी भिंतीवरच्या लोखंडी शिडीला धरून वर चढणे आणि खुंट्याला दोर टाकणे हे ताकदीचे काम आहे, तर लॉकच्या तोंडात बोट हळूच घालणे हे नजरेचे काम आहे. आम्ही अदलाबदल केली. त्यानंतर सुकाणू बहुतेक वेळा माझ्याकडे असे. तिकडे कित्येक जोडप्यांत बाईच बोट चालवताना दिसते, आणि मला वाटते की त्यामागे हेच कारण असावे.

एक प्रसंग सांगते, कारण असा प्रवास करू इच्छिणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. मार्न-ऱ्हाईन कालव्यावर पाणी उतरत असलेल्या एका लॉकमध्ये दोर खुंट्यावर घट्ट बसला. उतरताना दोर कधीच बांधून टाकायचा नसतो, खुंट्याभोवती एक वेढा देऊन हातात धरायचा आणि पातळी खाली जाईल तसा सोडत राहायचा. त्या दिवशी यांनी दोन वेढे घेतले होते आणि वरचा वेढा खालच्यावर चढला. पाणी खाली जात होते आणि बोट एका बाजूने दोराला लटकू लागली. स्वयंपाकघरातली भांडी सरकून पडली. सुकाणूजवळ एक धारदार सुरी नेहमी ठेवायची, हे आम्ही पुस्तकात वाचले होते आणि म्हणून ती ठेवलेली होती. मी दोर कापला. बोट धाडकन पाण्यात बसली, पण काही फुटले नाही. त्या संध्याकाळी आम्ही पुढे गेलो नाही. दोघांचेही हात थरथरत होते.

जागेबद्दल विचाराल, तर वस्तू कमी असल्या की जागा पुरते. प्रेशर कुकर, पोळपाट आणि एक लहान खलबत्ता एवढे मी हट्टाने ठेवले होते. ज्वारीचे पीठ संपले की मात्र फार चुकल्यासारखे वाटे.

निपाणीचा मास्तर

वहिनींचा प्रतिसाद दोनदा वाचला. मार्न-ऱ्हाईन कालव्यावर बोटी उचलणारे काही यंत्र आहे, असे कुठेतरी वाचल्याचे आठवते. ते तुमच्या वाटेत लागले का? ते कसे चालते?

खानापूरचा वाटसरू

होय मास्तर, लागले. ते यंत्र म्हणजे आर्झविलेचा उतार. तेथे पूर्वी एका अरुंद दरीत एकाखाली एक १७ लॉक होते आणि ते ओलांडण्यात पूर्ण दिवस जाई. १९६९ मध्ये त्यांच्या जागी डोंगराच्या उतारावर रूळ टाकून त्यावर पाण्याने भरलेली एक प्रचंड टाकी बसवण्यात आली. बोट टाकीत शिरते, दरवाजा बंद होतो, आणि टाकी आडवी सरकत ४४.५५ मीटर खाली उतरते. खाली पोहोचायला काही मिनिटेच लागतात.

यातली गंमत तुमच्या विद्यार्थ्यांना जरूर सांगा. टाकीत मोठी बोट असो, लहान असो वा एकही नसो, पाण्याची पातळी तीच ठेवली तर टाकीचे वजन तेवढेच राहते, कारण तरंगणारी बोट आपल्या वजनाइतके पाणी बाहेर सारते. म्हणून दुसऱ्या बाजूला ठरावीक वजनाचे ठोकळे बांधले की टाकी तोललेली राहते आणि ती हलवायला थोडीशीच वीज पुरते. आर्किमिडीजचा नियम मी शाळेत पाठ केला होता, पण तो समजला तेथे. त्याआधी दोन किलोमीटरहून लांब असा एक बोगदा लागतो, त्यातून बोटीचा दिवा लावून जावे लागते. बोगद्याविषयी याहून सांगण्यासारखे काही नाही, अंधार आणि गारठा.

टिळकवाडीकर

मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवले आहे, म्हणून आपल्या बाजूचे थोडे लिहितो. धागा वाचून अनेकांच्या मनात आले असेल की, असे आपल्या कृष्णेवर का होऊ शकत नाही.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा यांच्यावर आपल्या भागात जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा ओसरला की त्यांच्या गाळ्यांत, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागेत, बरगे म्हणजे फळ्या घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून घेतात. हे बंधारे शेतीच्या पाण्यासाठी आणि माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहेत. गाळा जेमतेम दोन मीटरच्या आसपास रुंद असतो आणि वर पुलाची फळी असते. बरगे काढलेले असतानाही त्यातून मोटरबोट जाणार नाही, आणि त्या वेळी पाणी इतके ओढीचे असते की कोणी जाऊही नये. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ ही नावे दर पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांच्या यादीत आपण वर्तमानपत्रात वाचतो. याहून मोठे म्हणजे खाली हिप्परगीचे बॅरेज आणि त्याखाली चिक्कपडसलगी. चिक्कपडसलगीचे बॅरेज सिद्दू न्यामगौडा यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी आणि श्रमदान करून १९८९ मध्ये उभे केले, ही गोष्ट आपल्या सीमाभागाला ठाऊक आहे. त्याही खाली आलमट्टीचे धरण. यांपैकी कोठेही बोट पार करण्याची सोय नाही, कारण ती कोणी मागितलीच नव्हती. शेताला पाणी हवे होते आणि ते मिळाले.

भारतात लॉक नाहीत असे मात्र नाही. गंगेवर फरक्का येथे आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या १११ जलमार्गांत आपली घटप्रभा आणि मलप्रभा या दोन्ही नद्यांची नावे आहेत. कागदावर जलमार्ग म्हणून नाव येणे आणि प्रत्यक्ष बोट जाणे यांत अंतर आहे, हे घटप्रभेवरच्या हिडकल किंवा मलप्रभेवरच्या नविलुतीर्थाच्या धरणाच्या भिंतीखाली उभे राहिले की कळते.

अंकलीकर

माझे शेत कृष्णेच्या मळीत आहे. आजोबांच्या काळी येथे नाव चालत असे आणि नदी ओलांडायला गुऱ्हाळाच्या काहिलीही वापरत, हे मी घरात ऐकले आहे. शिकाऊ पोरे वाळक्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून पोहत. पूल झाले आणि नावा गेल्या. पूल व्हायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाव हाकणारी माणसेही त्याबरोबर गेली. अंबिगर चौडय्यांसारखा शरण, म्हणजे शिवभक्त संत, ज्या व्यवसायात होऊन गेला, तो व्यवसाय आमच्या काठावर आता एखाद-दुसऱ्या घरात उरला आहे.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत हे फार जाणवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या वस्तीवर बाहेरून बोट आली तेव्हा ती चालवणाऱ्याला पाण्याखाली कुठे विहीर आहे, कुठे तारेचे कुंपण आहे, हे ठाऊक नव्हते, आणि ज्या आम्हाला ते ठाऊक होते त्या आमच्यापैकी कोणाला बोट चालवता येत नव्हती. म्हणून खानापूरच्या दादांचा धागा मी हौस म्हणून वाचत नाही.

तुम्ही कृष्णेवर बोट आणणार असाल तर काही गोष्टी ध्यानात घ्या. नदीत शेकडो पंपांचे पाइप उतरलेले आहेत आणि त्यांचे फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारी तोंडे, पाण्याखाली असतात. कडेने जाऊ नये. केंदाळ पंख्यात अडकते. वाळू काढलेल्या ठिकाणी अचानक खोल डोह लागतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की खडक वर येतात. आणि मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरून पंखा मोकळा करण्याचा विचार करू नये.

निपाणीचा मास्तर

एक शंका स्पष्टपणे मांडतो, राग मानू नये. या नदीचे पाणी आपण पितो. तिच्यात आधीच गावांचे सांडपाणी येते. त्यात आणखी मोटरबोटीचे तेल कशाला?

खानापूरचा वाटसरू

मास्तर, राग कसला. हा प्रश्न आम्हालाही पडला होता, आणि तिकडचे सगळेच स्वच्छ असते असे मी म्हणणार नाही. फ्रान्सच्या कालव्यांवर कित्येक जुन्या बोटींचे शौचालय थेट पाण्यात उघडते. आम्ही बोट घेतल्यावर पहिला खर्च मैल्याची बंद टाकी बसवण्यावर केला, पण ती रिकामी करण्याची ठिकाणे फार थोडी होती आणि त्यासाठी अनेकदा वाट वाकडी करावी लागली. इंजिनाखाली साचलेले तेलकट पाणीही आम्ही डब्यात भरून बंदरावर देत असू.

येथे त्या आकाराची बोट आणण्याचा आमचा विचारच नाही. टिळकवाडीकर साहेबांनी सांगितले ते आम्ही परत आल्यावर काठाकाठाने फिरून पाहिले आहे. लॉक नसतील तर बोट जमिनीवरून पार करता येईल इतकी लहान हवी. म्हणून साडेचार मीटरची फायबरची होडी आणि बॅटरीवर चालणारे लहान यंत्र घेतले आहे. तेल नाही आणि आवाजही नाही. होडी ट्रेलरवर चढते. बंधाऱ्याच्या वर बाहेर काढायची, रस्त्याने वळसा घालायचा आणि खाली पुन्हा पाण्यात सोडायची. ऱ्हाईन टाळून आम्ही फ्रान्समार्गे गेलो, तसाच हा वळसा.

राजापूरच्या बंधाऱ्याखाली, म्हणजे नदी महाराष्ट्रातून आपल्याकडे कर्नाटकात येते तेथून सुरुवात करून येडूर, अंकली, कुडची असे टप्प्याटप्प्याने हिप्परगीपर्यंत जायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर खोली, खडक, पाइप, उतरण्याजोगे घाट यांची नोंद वहीत करायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. डॅन्यूबवर किनाऱ्याला किलोमीटरच्या पाट्या आहेत, आणि त्या मुखापासून वरच्या दिशेला मोजलेल्या असतात. म्हणून कोणीही बोटवाला आपण नेमके कोठे आहोत हे रेडिओवर सांगू शकतो. आमच्या वहीतून कृष्णेच्या या पट्ट्याची तशी एक साधी यादी जरी तयार झाली, तरी पुढच्या पुरात बोट घेऊन येणाऱ्याला ती देता येईल. अंकलीकरांचा प्रतिसाद वाचल्यावर ही वही कोणासाठी लिहायची हे मला नीट कळले.

टिळकवाडीकर

होडीच्या नोंदणीचे पाहून घ्या. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे. तुमच्या लहान होडीला त्यातले काय लागू होते हे लेखी विचारून ठेवा. बंधाऱ्याजवळ जाण्यासाठी पाटबंधारे खात्याची आणि तालुका कार्यालयाची परवानगीही आधीच घ्यावी. बरगे घातलेल्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला फटींतून पाणी ओढले जाते. तेथून किमान दोनशे मीटर लांबच काठाला लागा, मग वळसा लांब पडला तरी चालेल.

अथणीची बाई

वहिनी, या वेळी सुकाणू कोणाकडे?

कणकुंबीची लेक

माझ्याकडे, ताई. हे पुढे बसून खोली मोजणार आणि वहीत लिहिणार. परवानगीचे अर्ज दिले आहेत. ती मिळाली की जानेवारीत येडूर ते अंकली हा पहिला टप्पा करू, तेव्हा पाणी भरलेले आणि स्थिर असते. अंकलीकर दादा, तुम्ही किंवा तुमच्या गावातील नदी ओळखणारे कोणी होडीत आमच्याबरोबर बसाल का? तिसऱ्या माणसाची जागा आहे आणि जादा लाइफ जॅकेटही आहे. खोली मोजायला लांब बांबू मात्र आम्हाला इकडे हवा तसा मिळालेला नाही.

अंकलीकर

वहिनी, बांबू घरी आहे. पंधरा फुटांचा, सरळ. मी स्वतः येतो आणि धाकट्या मुलालाही आणतो, त्याला शिकायचे आहे. दोघे टप्प्याटप्प्याने आलटून पालटून बसू. येडूरच्या घाटावर सकाळी लवकर या. तीन फेज वीज आली की काठावरचे सगळे पंप एकदम सुरू होतात. त्याच्या आत मधली धार गाठलेली बरी.